सेल आधी ठरवा, टॉर्च मागाहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पावसाळी पुरवणीतल्या ‘घरात काय तयार ठेवाल?’ या यादीत औषधे, कोरडा शिधा, काडेपेटी, मेणबत्त्या अशा सगळ्यांच्या शेपटाला ‘टॉर्च व जादा सेल’ एवढीच नोंद आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तशी वेळ आली की त्या नोंदीतला ‘कोणता टॉर्च’ आणि ‘कोणते सेल’ हा तपशील फार महाग पडतो. टॉर्च जमवणाऱ्या आणि रोज वापरणाऱ्या माणसाने थोडे सविस्तर लिहावे असे वाटले. यात माझ्या आवडीनिवडीही येतील. त्या कुठे आहेत ते वाचकांच्या लक्षात येईलच.

खरेदीला जाणारा आधी उजेड बघतो, मग किंमत. सेल कोणता पडतो हे घरी आल्यावर कळते. परिणामी एका घरात मोठ्या सेलचा एक, पेन्सिल सेलचा एक, रिमोटच्या बारीक सेलचे दोन आणि भिंतीत खुपसून चार्ज करायचा एक, असे पाच टॉर्च निघतात आणि ऐन वेळी त्यातला चालू एखादाच असतो. माझे मत साधे आहे : घरात कोणते सेल ठेवायचे ते आधी ठरवावे, आणि त्यावर चालणारेच टॉर्च घ्यावेत. माझी स्वतःची पसंती दोनच आकारांना आहे. घरात रिचार्जेबल पेन्सिल सेल, म्हणजे एए. आणि बाहेर, शेतात, डोंगरात लिथियम-आयनचा १८६५०. बाकी सगळे हौसेपुरते.

टॉर्च मरतो तो बहुतेक वेळा आतल्या आत, सेलला पाणी सुटून. हे का होते ते समजले तर टाळताही येते. साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये जस्ताचे भांडे हेच ऋण टोक असते. वीज देता देता ते भांडेच खर्ची पडते, पातळ होते, शेवटी त्याला भोक पडते आणि आतला अमोनियम क्लोराइडचा किंवा झिंक क्लोराइडचा ओलावा बाहेर येतो. वरचे वेष्टण त्याला काही दिवस अडवते, कायमचे नाही. अल्कलाइन सेलचा डबा पोलादी असतो, त्यामुळे लोकांना वाटते तो पाझरत नाही. तोही पाझरतो. त्याच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. सेल जुना झाला की आत हायड्रोजन वायू साठतो, दाब वाढतो आणि ऋण टोकाकडचे प्लास्टिकचे सील मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या जागी सुटते. बाहेर आलेला द्रव हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून जी पांढरी खरपुडी धरतो, ती आपण स्प्रिंगवर बघतो.

जुना आणि नवा सेल एकत्र टाकला की हा प्रकार लवकर होतो. दोन सेल एकामागे एक असतात, दोघांतून प्रवाह सारखाच जातो. जुना आधी रिकामा होतो, पण नवा प्रवाह ढकलतच राहतो. मग रिकाम्या सेलची टोके उलटी होऊ लागतात, आत वायू तयार होतो आणि सील सुटते. म्हणून सेल बदलायचे तर सगळे एकदम, एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले. आणि महिनाभर हात लागणार नाही अशा टॉर्चमधून सेल काढून शेजारी ठेवावेत. हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी करत नाही.

पाझरलेला टॉर्च लगेच फेकू नये. हातमोजे घालावेत, डोळे जपावेत. पांढरी कोरडी खरपुडी असेल तर ती अल्कलाइनची. कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसावे. फसफस थांबेपर्यंत दोन-तीन वेळा करावे, मग ओल्या कापडाने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. झिंक-कार्बनचा तपकिरी, चिकट ओलावा आम्लधर्मी असतो. त्याला लिंबू उपयोगाचे नाही, खाण्याच्या सोड्याचे पाणी लावावे. स्प्रिंगवरचा मुलामा गेला असेल तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवावा. पितळी नळीत सेल फुगून अडकला असेल तर टॉर्चचे डोके काढून पुढच्या बाजूने लाकडी दांडक्याने ढकलावा. मागून स्क्रूड्रायव्हर खुपसणारे सेलही फोडतात आणि नळीही.

आता रिचार्जेबल पेन्सिल सेल का, ते सांगतो. निकेल-मेटल हायड्राइड सेल पूर्वी बदनाम होते, कारण नुसते पडून राहूनही महिन्याभरात त्यांचा मोठा हिस्सा उतरायचा. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणला आणि ही अडचण संपली. आज ती मालिका पॅनासोनिककडे आहे, आणि त्याच धर्तीचे ‘लो सेल्फ डिस्चार्ज’, म्हणजे पडून राहून फारसे न उतरणारे, सेल इतरही कंपन्या देतात. चार्ज करून कपाटात ठेवलेला असा सेल वर्षाने काढला तरी बहुतांश भरलेला असतो. तक्रार येते ती १.२ व्होल्टची. अल्कलाइनवर १.५ लिहिलेले असते म्हणून तो जोरदार वाटतो, पण टॉर्चमध्ये भार पडला की त्याचा व्होल्टेज सुरुवातीपासूनच उतरू लागतो आणि अर्ध्या वाटेत १.२ वर येतो. रिचार्जेबल मात्र १.२च्या आसपास शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम खाली येतो. आतले सर्किट चांगले असलेल्या एलईडी टॉर्चला हेच आवडते. शिवाय हे सेल क्वचितच पाझरतात, आणि मला विचाराल तर हे एकच कारण पुरेसे आहे.

सेलवर २००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप) लिहिलेले असावे, फार तर २५००. एए आकारात ३००० किंवा ४००० लिहिलेले रिचार्जेबल सेल दिसले की दुकानातून बाहेर पडावे. त्यातही २०००वाला २५००वाल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा चार्ज होतो, म्हणून घरासाठी मी तोच घेईन. चार्जर मात्र प्रत्येक सेल वेगळा तपासणारा हवा. जोडी-जोडीने चार्ज करणारे, घड्याळ लावून बंद होणारे स्वस्त चार्जर दोन सेलपैकी एकाला उपाशी ठेवतात आणि दुसऱ्याला शिजवतात. ५०० मिलीअँपिअरवर २००० एमएएचचा सेल साडेचार-पाच तासांत भरतो. भरताना कोमट होणे ठीक, हातात धरवत नाही इतका तापला तर सेल म्हातारा झाला असे समजावे. भिंतीवरच्या घड्याळात मात्र हे सेल वाया घालवू नयेत. तिथे प्रवाह इतका कमी लागतो की साधा झिंक-कार्बन वर्षभर चालतो. वर्षाने न चुकता काढून टाकावा एवढेच.

घरात जुना मोठ्या सेलचा टॉर्च आहे आणि तो सोडवत नाही, अशांसाठी एक युक्ती. पेन्सिल सेल मोठ्या सेलच्या जागी बसवणारे प्लास्टिकचे कप मिळतात. दोन कप, दोन रिचार्जेबल एए आणि ३ व्होल्टचा एलईडी बल्ब एवढ्यावर जुना टॉर्च पुन्हा चालू होतो, वजनही बरेच घटते. मोठ्या आकाराचे रिचार्जेबल सेल घेताना आकडा वाचावा : खऱ्या मोठ्या रिचार्जेबल सेलची क्षमता ८ ते १० हजार एमएएच असते. २५०० लिहिले असेल तर मोठ्या डब्यात पेन्सिल सेलच बसवून दिला आहे.

भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खुपसायचा, मागे दोन पिना असलेला टॉर्च आपल्याकडे घरोघर आहे. त्याबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. त्याच्या आत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टच्या वाटेत एक कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा छोटा भाग, टाकून प्रवाह कमी केलेला असतो. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर १०५जे आणि ४०० व्होल्ट असे छापलेले असते, ५० हर्ट्झवर साधारण ७० मिलीअँपिअर जाऊ देतो. प्रवाह कमी झाला म्हणून धोका कमी झाला असे नाही. पिना सॉकेटमध्ये असेपर्यंत आतले सर्किट, एलईडीची टोके, बॅटरीची टोके सगळे मेन्सशी, म्हणजे घराच्या २३० व्होल्टच्या विजेशी, जोडलेले असते. ७० मिलीअँपिअर छातीतून जाणे जीवघेणे ठरू शकते. चार्ज होत असताना असा टॉर्च लावू नये, उघडू नये, ओल्या हाताने धरू नये, काच फुटलेला तर सॉकेटच्या जवळही नेऊ नये. सॉकेटमधून काढल्यावर लगेच पिनांना बोट लावले तर कपॅसिटरमधला उरलेला भार झटका देऊ शकतो. लहान मुलांच्या हाती देण्याआधी हे लक्षात ठेवावे.

या टॉर्चमध्ये बरेचदा ४ व्होल्टची शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी असते. ती ९०० एमएएचची धरली तर ७० मिलीअँपिअरने भरायला १४-१५ तास लागतात. ‘दोन तास लावला, चालतच नाही’ या तक्रारीचे मूळ हे आहे. उलट काही जण तो दिवसेंदिवस लावून ठेवतात. चार्जिंग आपोआप बंद होण्याची सोय नसल्याने आतले पाणी वायू होऊन उडते आणि बॅटरी सुकते. शिसे-आम्लाचा तिसरा शत्रू म्हणजे रिकामी पडून राहणे. उतरलेल्या बॅटरीत लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग ती भार घेतच नाही. म्हणून असा टॉर्च वापरला की त्याच रात्री चार्ज करावा, न वापरता महिन्यातून एकदा. एवढे पथ्य कोण सांभाळणार? नवा घेणाऱ्याने हा प्रकार घेऊच नये असे माझे म्हणणे आहे.

लिथियम-आयनचा १८६५० हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब; शेवटचे शून्य तो नळीच्या आकाराचा आहे एवढेच सांगते. भरलेला ४.२ व्होल्ट, नाव ३.६ किंवा ३.७, रिकामा ३च्या खाली. चांगल्या सेलची क्षमता २५०० ते ३५०० एमएएच. अलीकडे ४०००चे थोडे आले आहेत. ६८००, ९९०० असे आकडे छापलेले सेल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत सगळीकडे दिसतात. तो आकडा या आकारात मावत नाही. स्वयंपाकघरातला किंवा सोनाराचा छोटा डिजिटल काटा हाताशी असेल तर वजन करावे. अस्सल सेल ४४ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान भरतो, तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत काय आहे ते सांगायची गरज नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा : जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून नवे वेष्टण चढवलेले. त्यांचे वजन बरोबर भरते. धन टोकावर किंवा तळाला वेल्डिंगचे बारीक ठिपके किंवा घासल्याच्या खुणा असतील तर सेल आधी कुठेतरी नांदून आलेला आहे.

हा सेल ताकदवान आहे म्हणून त्याचे नियम कडक. बाहेरचा सगळा डबा, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत, ऋण असतो. मध्ये फक्त प्लास्टिकचे पातळ वेष्टण आणि कागदाची एक चकती. वेष्टण फाटले तर सेल वापरू नये, नवे वेष्टण चढवून घ्यावे. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा ठेवू नये. दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी मिळते. पडून पडून २ व्होल्टपर्यंत उतरलेला सेल पुन्हा चार्ज करायच्या फंदात पडू नये. त्यात आत तांबे विरघळून भलतीकडे बसलेले असू शकते आणि चार्ज करताना तो आतल्या आत शॉर्ट होतो. वापर नसेल तेव्हा ३.७-३.८ व्होल्टवर, थंड कपाटात. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटते. मे महिन्यात विदर्भात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. आणि १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण देतो ३.७ व्होल्ट, तो खेळण्यात किंवा रेडिओत गेला की ती वस्तू गेली. दोन्ही वापरणाऱ्या घरात त्यांच्या डब्यांना वेगळे रंग लावावेत.

तयार लिथियम बॅटरीसह टॉर्च घेताना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकून कंपनीचे नाव जुळते का ते तिथल्या तिथे तपासता येते. यूएसबी-सी खाच असलेल्या स्वस्त टॉर्चची एक खोड अशी की सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोके सारखी असलेल्या, केबलने ते चार्जच होत नाहीत. खाचेमागे ५.१ किलोओहमचे दोन रोधक बसवायचे असतात, ते वाचवलेले असतात. रोधक नाहीत म्हणून नवा चार्जर वीज सोडत नाही. टॉर्च बिघडला समजून परत करण्याआधी जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरला ए-टू-सी केबल लावून बघावी.

उजेडाच्या आकड्यांतही असेच. खोक्यावर ५० हजार लुमेन वाचले की साधा हिशेब करावा. एक १८६५० सेल ३ अँपिअर देत असेल तर साधारण ११ वॅट. आजचा चांगला एलईडी सर्किटसकट वॅटला १०० लुमेनच्या आसपास देतो. म्हणजे ११०० लुमेन, तेही टॉर्च तापून स्वतःच मंद होईपर्यंत, काही मिनिटे. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जाईल ते कँडेला सांगतो. एएनएसआय एफएल१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकी प्रमाणानुसार पल्ला काढायची रीत सोपी आहे : कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करायचे, तेवढे मीटर. १० हजार कँडेला म्हणजे २०० मीटर. पल्ला दुप्पट हवा तर कँडेला चौपट लागतो. पण त्या अंतरावर पडणारा उजेड पाव लक्स, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. तिथे काहीतरी आहे एवढे दिसते, ते कुत्रे आहे की बिबट्या ते कळायला निम्म्याहून कमी अंतर लागते. झूम होणारे, पुढे-मागे सरकणाऱ्या डोक्याचे टॉर्च मला आवडत नाहीत. लांब करताना त्यांचा बराच उजेड आतच अडतो, आणि सरकणाऱ्या फटीतून पहिल्याच पावसात पाणी शिरते.

रंग हा माझा खरा आग्रह. स्वस्त एलईडीचा निळसर पांढरा उजेड मोजमापात जास्त भरतो आणि डोळ्याला कमी दाखवतो. त्या उजेडात लाल, तपकिरी आणि नारिंगी वायरी एकसारख्या दिसतात, आणि वाळल्या पाचोळ्यावर बसलेली घोणस पाचोळाच वाटते. ४००० ते ५००० केल्विनचा (हे उजेडाच्या छटेचे माप, आकडा वाढला की उजेड निळसर), रंगदर्शकता (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी माप) ९०च्या वर असलेला एलईडी घ्यावा. हौशी लोकांत जपानच्या निचियाचा ५१९ए हा याच कारणाने प्रिय आहे. लुमेन थोडे कमी मिळतात, मिळू देत. दुसरी गोष्ट, मंद उजेड कसा केला आहे ते बघावे. काही टॉर्च एलईडी सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतात. दुकानात बोटे भराभर हलवून पाहावे, किंवा पावसाळ्यात पागोळ्यांवर धरावा. थेंबांच्या तुटक रांगा दिसल्या तर तो हा प्रकार. आणि बटण दाबत जाताना मध्येच लुकलुक करणारा प्रकार ज्यात येतो, तो टॉर्च फुकट मिळाला तरी मी घेणार नाही.

रात्रपाळीची वीज आली की उसाला पाणी द्यायला, दारे धरायला जाणाऱ्यांना लांब फेकणारा टॉर्च काही कामाचा नाही. त्यांना पायापुढे तीन ते पाच मीटर रुंद, सारखा उजेड हवा. मण्यार रात्री हिंडते, फुरसे दगडाच्या कडेला असते. डोक्याला बांधायचा टॉर्च हात मोकळे ठेवतो हे खरे, पण त्याचा उजेड डोळ्याच्या रेषेतून पडतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत. खड्डा, दगड, वेटोळे सगळे सपाट वाटते. धुक्यात आणि पावसात तर डोळ्यासमोर नुसती पांढरी भिंत. चालताना टॉर्च कमरेच्या उंचीवर, हातात किंवा पट्ट्याला लावावा. सावल्या लांब पडतात आणि उंचसखल कळते. डोक्याचा टॉर्च काम करताना. किडे तोंडावर येत असतील तर लाल किंवा पिवळसर उजेड करावा, ते कमी येतात. खोक्यावरची ‘आयपीएक्स’ ही पाणी अडवण्याची प्रतवारी बघावी : पावसाच्या शिंतोड्यांना आयपीएक्स४ पुरते. पाटात पडण्याची शक्यता असेल तर आयपीएक्स७, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. चार्जिंगच्या खाचेवरचे रबरी झाकण हा यातला सर्वांत कच्चा दुवा असतो, तो घट्ट बसला का ते दर वेळी बघावे.

कोकणात लाल विंचवाचा त्रास आहे. विंचवाच्या अंगावर अतिनील किरण पडले की तो हिरवट-निळा चमकतो. ३९५ नॅनोमीटरचे स्वस्त टॉर्च चालतात, पण त्यांच्या जांभळ्या उजेडात चमक बुडते. ३६५ नॅनोमीटरचा, काळी फिल्टर काच बसवलेला घेतला तर चार-पाच हातांवरचा विंचूही उठून दिसतो. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, म्हणून नुसत्या या टॉर्चवर विसंबून लाकडांच्या ढिगात हात घालू नये. डोळ्यांवर तो कधीच मारू नये. उलट मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीला काजवे बघायला जाणाऱ्यांनी टॉर्च खिशातच ठेवावा. नर काजवा उजेडाने मादीला खूण करतो; त्यावर पांढरा झोत मारला की ती खूण पुसली जाते. वाट दिसत नसेल तर अगदी मंद लाल उजेड, पायाशी.

वीज आठवडाभर नसेल तर किती सेल लागतात? १८६५०चा ३५०० एमएएच म्हणजे साधारण १२.६ वॅट-तास. १० लुमेनवर तो शंभर तासांच्या वर जातो. २००० एमएएचचा एक पेन्सिल सेल २.४ वॅट-तास, छोट्या सर्किटमधली गळती धरून १० लुमेनवर पंधरा-वीस तास. आणि १० लुमेन थोडे नाहीत. टॉर्च उभा करून झोत पांढऱ्या छतावर सोडला की खोलीत वावरता येते. छत कौलारू असेल तर टॉर्चवर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवावी, पाण्यात दुधाचे चार थेंब टाकावेत. उजेड चौफेर पसरतो. म्हणजे रोज पाच-सहा तास धरले तर चार जणांच्या घराला दोन टॉर्च आणि आठ भरलेले पेन्सिल सेल आठवड्याला पुरून उरतात. ज्यांच्याकडे चार्जिंगची काहीच सोय राहणार नाही त्यांनी लिथियमचे, पण चार्ज न होणारे १.५ व्होल्टचे एए सेल चार नग बाजूला ठेवावेत. महाग असतात, पण वीस वर्षे टिकतात, पाझरण्याचे प्रमाण अगदी नगण्य, आणि वजन अल्कलाइनच्या दोन-तृतीयांश. मोबाइलचा उजेड मोजू नये. मोबाइलची बॅटरी फोन करायला लागणार आहे.

टॉर्च मिचमिचू लागला की लोक सेल बदलतात. धातूच्या नळीच्या टॉर्चमध्ये दोष बहुधा दुसरीकडे असतो, कारण नळी हीच परतीची तार असते. मागची टोपी काढावी, नळीची उघडी चकचकीत कडा आणि टोपीच्या आतली कडा अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावी. टोपीच्या आत दोन भोकांची एक चकती असते, ती बटण दाबून धरते. ती सैल झाली असेल तर चिमट्याची दोन टोके भोकांत घालून आवळावी. दहापैकी नऊ टॉर्च इथे सुधारतात. आटे कोरडे असतील तर सिलिकॉन ग्रीस, मोहरीएवढे. खोबरेल नको, ते चिकट होऊन माती धरते. रिफ्लेक्टरला कापड लावू नये, कितीही मऊ असले तरी. फुंकणीने धूळ उडवावी. बॅगेत ठेवताना टोपी पाव फेरा सैल करावी, बहुतेक टॉर्चमध्ये सर्किट तुटते आणि आतल्या आत तो पेटून राहत नाही.

जुन्या पितळी टॉर्चच्या हौशीबद्दल थोडेसे. एव्हरेडीचा जीवनसाथी किंवा अलाहाबादच्या जीप कंपनीचे टॉर्च अजून जुन्या बाजारांत मिळतात. घेताना आतली नळी बोटाने तपासावी, हिरवट खड्डे असतील तर सोडावा. सरकते बटण आतल्या पितळी पट्टीवर घासते, ती पट्टी शाबूत हवी. दोन सेलला २.५ व्होल्टचा, तीन सेलला ३.८ व्होल्टचा, ०.३ अँपिअरचा आटेवाला बल्ब लागतो. तीन सेलच्या टॉर्चला दोनचा बल्ब लावला की क्षणात जातो. एलईडी बल्ब लावायचा तर अर्धा ते एक वॅटचाच, कारण या टॉर्चमध्ये उष्णता बाहेर नेणारे काही नसते. चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून लखलखीत करण्याचा मोह अनेकांना होतो. वर निकेलचा मुलामा असेल तर तो घासून जातो आणि टॉर्च ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. मला तर हाताने काळवंडलेला रंगच आवडतो.

शेवटचा मुद्दा विल्हेवाटीचा, आणि यात वृत्तपत्राची मदत हवी आहे. २२ ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार लहान सेलसकट सगळ्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ग्राहकाने त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यायच्या आहेत. वेगळ्या काढल्या तरी द्यायच्या कुठे, हे बहुतेक शहरांत सामान्य माणसाला ठाऊक नसते. आपल्या जिल्हा आवृत्त्यांत प्रत्येक नगरपालिकेचे बॅटरी संकलनाचे ठिकाण आणि वेळ छापली, आणि जिथे ठिकाण नाही तिथे ‘नाही’ असे छापले, तर मोठे काम होईल. तोवर लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावेत, धातूच्या डब्यात नको. कचरागाडीत दाबले गेलेले लिथियम सेल पेट घेतात. किल्लीच्या साखळीतल्या टॉर्चचे नाण्यासारखे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. घरी उलटी काढण्याचा प्रयत्न न करता तडक रुग्णालय गाठावे.

आपला,
विजेऱ्यांचा एक संग्राहक, रत्नागिरी